वही लिहिणारा कोण?

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात पट्टी हा फार वजनदार कागद असतो. माल किती क्रेट आला (बोलताना आमच्याकडे सगळे कॅरेटच म्हणतात), भाव काय लागला, खर्च किती कापला, आधी घेतलेली उचल किती वळती केली आणि शेवटी हातात किती उरले, हे सगळं त्या वीतभर चिठ्ठीवर असतं. एका घराच्या तीन-चार महिन्यांच्या राबण्याचा निकाल त्यावर लिहिलेला असतो. अशा पट्ट्या मी तयार करतो. राहायला ओझरला, कामाला नारायणगावात एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर. हिशोबही माझ्याकडे आणि संगणकही माझ्याकडे, म्हणून गाळ्यावरची माणसं अर्ध्या थट्टेनं मला दिवाणजी म्हणतात.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. एक वयस्कर शेतकरी, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो, पट्टी घेऊन परत आले. पट्टीत उचलीचे तीस हजार वळते झाले होते. तात्या म्हणाले, "भाई, उचल मी एकदाच घेतली. पंधरा हजार. मल्चिंग पेपरला." त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली. तीत तारीख होती, रक्कम होती. शेठनी माझ्या पडद्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "तात्या, कॉम्प्युटरमध्ये दोनदा आहे. कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल?"

तात्यांनी डायरी मिटली आणि काही न बोलता खिशात ठेवली. भर गाळ्यावर, चार लोकांदेखत आपण लबाड ठरतोय, हे त्यांना कळलं होतं. मलाही कळलं होतं. तरी त्या क्षणी मीही पडद्यावरच विश्वास ठेवला, ही माझी खरी चूक.

रात्री घरी येऊन नोंदी उघडल्या. पंधरा हजारांच्या दोन ओळी होत्या. दोन्हींत व्यवहार क्रमांक एकच आणि वेळेत एक मिनिटाचंही अंतर नव्हतं. पैसे एकदाच गेले होते, नोंद दोनदा झाली होती. आणि यातली एकही ओळ कुणा माणसानं लिहिलेली नव्हती. ती लिहिणारं यंत्र मी जोडलेलं होतं.

हे जोडकाम काय असतं, ते आधी सांगतो. आज किराणा दुकानापासून पानटपरीपर्यंत यूपीआयचा बोलणारा डबा दिसतो. गिऱ्हाईकानं पैसे पाठवले की डबा रक्कम बोलतो. दुकानदाराला दर मिनिटाला बँकेत विचारायला जावं लागत नाही. घटना घडली की निरोप आपणहून येतो. इंटरनेटवर एका प्रणालीनं दुसऱ्या प्रणालीला असा निरोप धाडण्याच्या रीतीला वेबहूक म्हणतात. जेफ लिंडसे या अमेरिकी प्रोग्रामरनं २००७ मध्ये हे नाव रूढ केलं. रीत साधी आहे. तुम्ही एक पत्ता देऊन ठेवायचा. समोर काही घडलं की ती प्रणाली त्या पत्त्यावर तपशील टाकते.

दुसऱ्या बाजूला असतो डेटाबेस, म्हणजे आपली वही. डेटाबेस मुळात बोलघेवडा नसतो. विचारलं तर सांगतो, सांगितलं तर लिहून ठेवतो. या वहीला आणि वेबहूकला जोडायला पूर्वी प्रोग्रामर लागायचा. आता झेपियर, मेक, झोहो फ्लो, एन-एट-एन अशी साधनं आहेत. पडद्यावर चौकोन ठेवायचे आणि माऊसनं त्यांच्यामध्ये रेघा ओढायच्या. पहिला चौकोन निरोप घेतो, दुसरा रक्कम वेगळी काढतो, तिसरा वहीत ओळ लिहितो, चौथा शेतकऱ्याला व्हॉट्सअॅप धाडतो. कोड लिहावा लागला तर दोन-चार ओळींचा.

मी या साधनांच्या विरोधात नाही, उलट त्यांचा ऋणी आहे. आमच्यासारख्या गाळ्याला पुण्यातल्या कंपनीकडून सॉफ्टवेअर बनवून घेणं परवडणारं नव्हतं. पूर्वी पट्टी घ्यायला शेतकऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागायचं किंवा गावातल्या कुणाच्या हाती ती मागवावी लागायची. आता लिलाव होऊन नोंद पडली की माणूस पिकअपमध्ये बसायच्या आत पट्टी त्याच्या मोबाईलवर असते. घरी बायकोला, पोराला तोच आकडा दिसतो. भावही झाकला जात नाही. २०२३ च्या जुलैत आमच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटनं दोन हजारांचा टप्पा ओलांडला आणि सप्टेंबरमध्ये तोच टोमॅटो शेतकऱ्यांना फेकून द्यावासा वाटला. इतक्या चढउताराच्या धंद्यात आजचा आकडा आजच हाती असणं ही छोटी गोष्ट नाही. "हे इंजिनियरांचं काम, तुम्ही कशाला हात लावता?" असं म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझं पटत नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. जोडणं सोपं झालं, त्याबरोबर जबाबदारीही सोपी झाली असा आपला समज झाला आहे. तो खोटा आहे.

तात्यांची नोंद दोनदा कशी झाली? आमच्याकडे उचल ऑनलाइन दिली जायची. पैसे पोचले की पैसे पाठवणारी सेवा माझ्या पत्त्यावर निरोप धाडायची. या व्यवहारात एक अलिखित वाटणारा, पण प्रत्यक्षात सगळीकडे लिहून ठेवलेला नियम असतो. निरोप मिळाल्याची पोच ठरावीक सेकंदांत दिली नाही, तर पाठवणारा समजतो की निरोप पोचलाच नाही, आणि तो पुन्हा पाठवतो. 'किमान एकदा पोचेल' एवढंच वचन असतं. 'एकदाच पोचेल' असं वचन सहसा कुणी देत नाही. मी रेघा अशा ओढल्या होत्या की आधी वहीत लिहायचं, मग व्हॉट्सअॅप धाडायचं आणि सगळ्यात शेवटी पोच द्यायची. त्या दिवशी नेट मंद होतं. वहीत ओळ लिहिली गेली, पोच द्यायला उशीर झाला, निरोप पुन्हा आला, ओळ पुन्हा लिहिली गेली. पाठवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं आणि साधनाचंही नाही. मी सांगितलं तेच त्यानं केलं.

उलट्या दिशेची चूकही मी केली आहे. आमची वही पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहे. त्यात नवी ओळ पडली की हाक मारण्याची सोय आहे. पण ही हाक रस्त्यावरच्या हाकेसारखी असते. ऐकणारा तिथे नसला तर ती विरून जाते, नंतर कुणी सांगत नाही. माझा छोटा संगणक ओझरला घरी असायचा. पावसात वीज गेली, संगणक बंद पडला आणि त्या वेळात गाळ्यावर झालेल्या नोंदींच्या पट्ट्या कुणाला गेल्याच नाहीत. वहीत सगळं बरोबर होतं, पण शेतकऱ्याला वाटलं की आपला माल नोंदलाच नाही. मग मी वहीत 'पट्टी पाठवली का?' असा एक रकाना वाढवला. वीज आली की यंत्र आधी तो रकाना पाहतं आणि राहिलेल्या पट्ट्या धाडतं.

या दोन चुका सारख्या दिसतात, पण सारख्या नाहीत. माझं सगळं मत या फरकावर उभं आहे. पट्टी उशिरा गेली तर फोन येतो, आपण माफी मागतो, काम होतं. पण वहीत खोटी ओळ पडली तर माणूस खोटा ठरतो. वहीतून बाहेर जाणारा निरोप आणि बाहेरून वहीत येणारी नोंद यांना साधनाच्या पडद्यावर एकसारखीच रेघ असते. व्यवहारात त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ओझर येडगाव धरणाच्या पाण्याला लागून आहे, म्हणून इथलंच उदाहरण देतो. धरणातून नदीत पाणी सोडायचं असेल तर आधी खालच्या गावांना सावध करतात. ही सूचना आपोआप गेली, चुकून दोनदा गेली, तरी बिघडत नाही. दरवाजा उघडायचा मात्र कुणीतरी जबाबदार माणसाच्या हुकमानं. सूचना आणि दरवाजा एकाच बटणाला जोडावेत, असं गावात कुणीही म्हणणार नाही. माझ्या वहीत मी नेमकं तेच केलं होतं.

आता माझ्या धर्मातली एक गोष्ट सांगतो, कारण या प्रकरणानंतर मला ती वेगळ्या अर्थानं कळली. कुरआनातली सगळ्यात लांब आयत कुठली, असं विचारलं तर पुष्कळांना ती नमाज-रोजाविषयी असेल असं वाटतं. ती कर्जाच्या नोंदीविषयी आहे. सूरह अल-बकरातली २८२ वी आयत. मुदतीचा उधारीचा व्यवहार असेल तर तो लिहून ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, कंटाळा करू नका. लिहिणाऱ्यानं न्यायानं लिहावं. साक्षीदार असावेत. लिहिणाऱ्याला किंवा साक्षीदाराला त्रास होऊ नये. लहानपणी मदरशात हे पाठ केलं होतं. पण त्यातलं एक कलम माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. मजकूर सांगायचा तो ज्याच्यावर देणं आहे त्यानं. म्हणजे पैसे देणारा सावकार सांगणार नाही, घेणारा सांगेल आणि लेखक लिहील. तो सांगू शकत नसेल तर त्याच्या वतीनं त्याचा पालक सांगेल.

यामागचा विचार उघड आहे. देणाऱ्याच्या हातात पैसाही असतो आणि बहुधा वहीही असते. घेणारा कमजोर बाजूला असतो. म्हणून नोंदीतला शब्द त्याचा असावा. माझ्या जोडणीत काय झालं? पैसे देणाऱ्याच्या बाजूच्या यंत्रानं देणाऱ्याच्याच वहीत लिहिलं. घेणाऱ्याला विचारलंच नाही. साक्षीदारही नव्हता. आणि वाद झाला तेव्हा त्याच यंत्राला साक्षीला उभं केलं.

आपल्या बाजाराची भाषा पाहा. हिशोब, जमा, बाकी, रक्कम, वसूल हे सगळे शब्द अरबीतून फारसीच्या वाटेनं मराठीत आले आणि इथलेच झाले. त्यातलाच एक अनामत. मूळ शब्द अमानत, म्हणजे विश्वासानं दुसऱ्याकडे ठेवलेली वस्तू. दिवाणजीच्या हातातली वही ही अमानत असते. ती दोन्ही बाजूंची असते. ती पेटी गाळ्यात असली म्हणजे गाळ्याच्या मालकीची होत नाही.

एका जाणकार मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो हसला. म्हणाला, "एवढं तत्त्वज्ञान कशाला? व्यवहार क्रमांकाच्या रकान्यावर 'एकमेव' अशी अट घाल. दुसरी ओळ डेटाबेस घेणारच नाही." त्याचं बरोबर आहे, आणि मी ते त्याच रात्री केलं. पोचही आता आधी देतो, काम नंतर करतो. पण ही अट दुहेरी नोंद थांबवते. चुकीच्या नावावर पडलेली नोंद ती थांबवत नाही. एका गावात एकाच नावाचे तीन शेतकरी असतात, तिथे ती काही करू शकत नाही. शिवाय वेबहूकचा पत्ता उघडा असेल आणि सही तपासली जात नसेल, तर तो पत्ता माहीत असलेला कुणीही खोटा निरोप टाकू शकतो. तांत्रिक कुलपं लावलीच पाहिजेत. पण कुलूप लावलं म्हणजे साक्षीदाराची गरज संपली, असं होत नाही.

ही फक्त माझ्या गाळ्याची गोष्ट असती तर एवढं लिहिलं नसतं. ब्रिटनमधल्या पोस्टाचं प्रकरण आठवा. तिथे होरायझन नावाची संगणकप्रणाली १९९९ पासून गावोगावच्या पोस्टांत बसवली गेली. तिच्यातल्या दोषांमुळे हिशोबात नसलेली तूट दिसू लागली. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक उपपोस्टमास्तर चोरी, अफरातफर, खोटे हिशोब अशा आरोपांत दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींची घरं गेली, काहींनी जीव दिला. त्यांत आपल्या उपखंडातून गेलेली कुटुंबंही पुष्कळ होती. स्कॉटलंडमधल्या डालमेलिंग्टनच्या एका नोंदीत पडदा अडकला, बटण पुन्हा पुन्हा दाबलं गेलं आणि आठ हजार पौंडांची एकच रक्कम चार वेळा नोंदली गेली. माझ्या पंधरा हजारांचीच ती थोरली बहीण. तिथल्या कायद्याचं गृहीतक असं की संगणक नीट चालत होता, असंच धरून चालायचं. नाही म्हणणाऱ्यानं ते सिद्ध करायचं. अखेर २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

"कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल?" हे शेठचं वाक्य आणि ते गृहीतक एकच आहे. आपल्याकडेही कुठल्याही खिडकीवर 'सिस्टीममध्ये असंच दिसतंय' असं ऐकायला मिळतं. तेवढं म्हटलं की पुराव्याचं ओझं काउंटरच्या पलीकडून अलीकडे येतं. आणि अलीकडे उभा असलेला माणूस बहुधा तो असतो ज्याच्याकडे फक्त खिशातली डायरी असते.

जुन्या वहीत एक गोष्ट न मागता मिळायची. अक्षर. कोणती ओळ कुणी लिहिली, हे अक्षरावरून कळायचं. खाडाखोड दिसायची. वाद झाला तर त्या माणसाला बोलावता यायचं. यंत्रानं लिहिलेल्या ओळीला अक्षर नसतं. म्हणून ते आपल्याला मुद्दाम ठेवावं लागतं.

मी आता काय करतो ते सांगतो. बाहेरून आलेला कुठलाही निरोप थेट खात्यात जात नाही. त्यासाठी वेगळा तक्ता आहे, त्याला मी आवक म्हणतो. निरोप जसा आला तसा तिथे पडतो. मग शेतकऱ्याला व्हॉट्सअॅप जातं: अमुक तारखेला अमुक रक्कम उचल मिळाली, बरोबर आहे का? त्याचं 'हो' आलं आणि सकाळी मी ओळ पाहिली की मगच ती खात्यात जाते. ज्यांना मोबाईल जमत नाही त्यांना फोन करतो. प्रत्येक ओळीत 'कुणी लिहिली' हा रकाना आहे, तिथे यंत्र किंवा माणसाचं नाव असतं. आणि खात्यातली ओळ पुसायची नाही. चूक असेल तर उलटी नोंद टाकायची, म्हणजे खाडाखोड दिसते. यात रोज अर्धा तास जातो. यंत्रानं वाचवलेल्या तीन तासांतला हा अर्धा तास परत देणं मला महाग वाटत नाही.

आणखी दोन गोष्टी, जोडकाम करणाऱ्या पोरांसाठी. या भागात अशी पोरं आता पुष्कळ आहेत. कुणी लॉजचं बुकिंग जोडतो, कुणी दूध संकलनाचे आकडे, कुणी द्राक्षबागेच्या फवारणीची वेळापत्रकं. पहिली गोष्ट, साधनाचं खातं आपल्या नावावर ठेवू नका. पोरगा नोकरीला हिंजवडीला गेला आणि पासवर्ड त्याच्याबरोबर गेला, की मागे राहिलेल्यांना रेघा कुठून कुठे जातात तेही कळत नाही. खोडदची जीएमआरटी दुर्बीण इथून जवळच आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, काही मैलोन्मैल लांब, आणि सगळ्यांचे संदेश केबलनं मध्यवर्ती इमारतीत येतात. कुठली तार कुठून येते याची नोंद नसती तर ती दुर्बीण एक दिवस चालली नसती. आपला पसारा चार चौकोनांचा असला तरी त्याचा नकाशा एका कागदावर मराठीत काढून गाळ्यात टांगावा.

दुसरी गोष्ट, ही साधनं बहुधा प्रत्येक फेरीची नोंद स्वतःकडे ठेवतात. त्यात शेतकऱ्याचा नंबर, बँक खातं, रक्कम सगळं राहतं. आपण वहीला कुलूप लावतो आणि तिची प्रत रस्त्यावर ठेवतो, असा तो प्रकार होतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये झाला आहे. पण कायदा नसता तरी माणसाची उचल गावभर करायची नसते, एवढं आपल्याला घरात शिकवलेलं आहे. जुन्या फेऱ्यांच्या नोंदी ठरावीक दिवसांनी पुसल्या जातील, अशी सोय करता येते. ती करावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेठना दोन्ही ओळी दाखवल्या. त्यांनी तात्यांना बोलावून घेतलं, पंधरा हजार परत दिले आणि सगळ्यांसमोर "चूक आमची होती" म्हणाले. हे म्हणायला त्यांना जड गेलं, पण ते म्हणाले. तात्यांनी पैसे मोजले, चहा घेतला, माझ्यावर रागावले नाहीत.

आजही त्यांची उचल झाली की त्यांना निरोप जातो. ते मोबाईलवर 'हो' पाठवतात आणि पुढच्या वेळी आले की डायरी काढून माझ्या पडद्याशी ताडून पाहतात. मी पडदा त्यांच्याकडे वळवतो. गेल्या हंगामात शेठ म्हणाले, "तात्या, आता सगळं पक्कं केलंय भाईनं, डायरी कशाला?" तात्या म्हणाले, "असू द्या शेठ. तुमचं तुमच्याकडं, माझं माझ्याकडं. दोन्ही जुळलं की मी निघतो."